जुन्या रुळांवर नव्या मेट्रो गाड्या : गणपतीच्या देखाव्याच्या प्रकल्प नोंदी

इंदूरच्या आमच्या मंडळाकडे १२ फूट बाय ४ फूट प्लायवर मांडलेले ट्रामचे चालते जाळे आहे. प्रमाण १:८७. दोन समांतर फेऱ्या, दोन स्थानके आणि कोपऱ्यात छोटा डेपो. त्यावर दोन आसांच्या १४० मिमी लांब ट्राम धावत होत्या. ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवर सुमारे ६ किलोमीटर आणि ५ स्थानकांची मेट्रो सुरू झाली, तेव्हा यंदाच्या देखाव्यात तीच दाखवायची असे ठरले. काम एवढेच: जाळे जुने ठेवून त्यावर तीन डब्यांच्या दोन नव्या गाड्या आणायच्या. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. अंदाजपत्रक ९,००० रुपये.

जुन्या जाळ्यावर नवी, लांब गाडी आणणाऱ्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या. गाडी बनवणे सोपे निघाले. वेळ खाल्ला तो रुळांनी, फलाटांनी आणि तारांनी.

एक खुलासा. बोलताना आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. या नोंदींत बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, आणि डबा म्हणजे डबा.

१५ जून, रविवार. मापे

खरी मेट्रो स्टँडर्ड गेजची, म्हणजे रुळांमधले अंतर १४३५ मिमी. ८७ ने भागले की १६.५ येते, आणि आमचे रूळ १६.५ चेच आहेत. इथे नशिबाने साथ दिली. बाकी कुठेच नाही.

डब्याची लांबी २२ मीटर, रुंदी २.९ मीटर आणि दोन बोगींच्या मध्यांमधले अंतर १४.८ मीटर धरले. प्रतिकृतीत हे २५३, ३३.३ आणि १७० मिमी होते. जुनी ट्राम २८ मिमी रुंद होती. म्हणजे रुंदीत फक्त ५ मिमीची वाढ. मापे कागदावर उतरवल्यावर सगळ्यांचे मत पडले की फलाट थोडे घासले की काम झाले. हे मत तीन दिवस टिकले.

१८ जून. पुठ्ठ्याचा डबा

गाडीचा एकही भाग घेण्याआधी हे करा. खर्च शून्य, वेळ एक संध्याकाळ. २५३ बाय ३३ मिमीची जाड पुठ्ठ्याची पट्टी कापा. तिच्याखाली जुन्या चाकांच्या दोन जोड्या १७० मिमी अंतरावर फिरत्या बसवा. पट्टीच्या मध्यावर दोन्ही कडांना आणि चारही कोपऱ्यांवर पेन्सिलीचे तुकडे उभे चिकटवा, टोके प्लायला टेकतील असे. मग हाताने हळूहळू पूर्ण फेरी ढकला.

सरळ मार्गावर रेषा रुळांना समांतर राहिल्या. वळण सुरू झाले तशी मधली पेन्सिल आत सरकली, कोपऱ्यांच्या पेन्सिली बाहेर गेल्या. पूर्व वळणाच्या मध्यावर बाहेरची पेन्सिल दोन मार्गांमध्ये उभ्या असलेल्या तारेच्या खांबाला टेकली आणि अडकली. खांबाच्या बुंध्याशी शिशाचा काळा ठिपका उमटला. असे ठिपके पूर्ण जाळ्यावर सात ठिकाणी: चार खांबांवर, दोन फलाटांच्या टोकांना आणि एक डेपोच्या सांध्याच्या (गाडी जिथे मार्ग बदलते त्या जागेच्या) यंत्रावर.

मग हिशेब केला. डब्याचा मध्य वळणात आत येतो तो असा: बोगींमधल्या अंतराचा वर्ग भागिले ८ पट त्रिज्या. टोके बाहेर जातात ती अशी: डब्याच्या लांबीचा वर्ग वजा बोगींमधल्या अंतराचा वर्ग, भागिले ८ पट त्रिज्या.

आमची आतली फेरी ४५० मिमी त्रिज्येची, बाहेरची ५०० ची. बाहेरच्या फेरीवरचा डबा आत येणार ७.२ मिमी. आतल्या फेरीवरच्या डब्याची टोके बाहेर जाणार ९.८ मिमी. त्यात दोन अर्ध्या रुंदी मिळून ३३.३. बेरीज ५०.३. मार्गांमधले अंतर ५०. म्हणजे वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की अंगाला अंग घासणारच. छोट्या ट्रामसाठी हीच बेरीज ३४ च्या आत होती, म्हणून इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही.

खऱ्या मेट्रोत ही अडचण इतकी तीव्र नसते, कारण मुख्य मार्गावरचे वळण सहसा १२० मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे ठेवत नाहीत. आमच्या प्रमाणात ते १.३८ मीटर होईल, आणि आमचे टेबलच १.२२ मीटर रुंद आहे. टेबलावर वळणे अडीच-तीन पट आवळलेलीच असणार. त्यामुळे हा हिशेब टाळून चालत नाही.

२२ ते २९ जून. बाहेरचे वळण उखडले

निर्णय असा: आतली फेरी आहे तशी, बाहेरच्या फेरीची दोन्ही वळणे ५१५ मिमी त्रिज्येची करायची. मग मार्गांमधले अंतर वळणात ६५ मिमी होते आणि दोन गाड्यांमध्ये १५ मिमी मोकळी जागा उरते. त्याहून जास्त घेतले तर कठड्याला जागा राहत नाही.

सरळ मार्गावर अंतर ५० च ठेवले. ५० वरून ६५ वर जायला वळणाआधी ३०० मिमी लांबीत रूळ हळूहळू बाहेर नेला. याचा एक जादा फायदा झाला. गाडी वळणात एकदम वळत नाही, आधी थोडी कलते. पूर्वी ट्राम इथे दरवेळी हिसका घ्यायची, तो हिसका गेला.

चूक पहिली. लवचीक रुळाचे ९१४ मिमीचे दोन तुकडे आधी वेगवेगळे वाकवले आणि मग वळणाच्या मधोमध जोडले. जोडापाशी दोन्ही टोके सरळ व्हायला बघतात आणि तिथे कोन तयार होतो. डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवले की लागतो. बोगी तिथे दर तिसऱ्या फेरीला घसरली. बरोबर क्रम असा: दोन तुकडे टेबलावर सरळ ठेवून जोडायचे, जोडावर दोन्ही रुळांना सोल्डर करायचे, मगच एकसंध पट्टी वाकवायची. आतल्या बाजूचा रूळ टोकाला बाहेर सरकतो, तो शेवटी कापायचा. एक रविवार यात गेला.

वळण आखायला लाकडी पट्टी वापरली: एका टोकाला खिळा, ५१५ मिमीवर पेन्सिलीपुरते भोक. दोऱ्याने आखू नका, दोरा ताणतो.

मधले सगळे खांब काढले. त्याला आधारही होता. खरी इंदूर मेट्रो वरच्या तारेवर नाही, रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट डीसी घेते. तेव्हा तारा आणि खांब राहिले असते तर देखावाच चुकीचा ठरला असता. तिसरा रूळ आम्ही फक्त दिसण्यापुरता लावला, स्थानकात फलाटाच्या विरुद्ध बाजूला, खऱ्या मार्गावर असतो तसा.

रुळाचे ४ तुकडे, प्रत्येकी ७८० रुपये, एकूण ३,१२० रुपये. अंदाजपत्रकात रुळासाठी एक रुपयाही धरला नव्हता.

२ जुलै. फलाट

ट्रामचे फलाट पदपथाच्या उंचीचे, रुळाच्या माथ्यापासून ४ मिमी. मेट्रोच्या डब्याची जमीन खऱ्या गाडीत रुळापासून सुमारे ११३० मिमीवर असते, म्हणजे आमच्याकडे १३ मिमी. फलाट ९ मिमी उचलायचे होते: ६ मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला तक्ता) आणि वर ३ मिमीचा.

चूक दुसरी. आधी कड कापली, मग उंची वाढवली. नवे थर चिकटवताना अर्धा-पाऊण मिमी पुढे सरकले आणि कड पुन्हा घासावी लागली. आधी उचला, फेव्हिकॉल रात्रभर सुकू द्या, मग सगळे थर एकत्र कापा.

कड मार्गाच्या मध्यापासून किती दूर ठेवायची? डब्याची अर्धी रुंदी १६.६५, म्हणून आम्ही १७.५ धरले. पुठ्ठ्याचा डबा नीट गेला. पण पुठ्ठा डुलत नाही, खरा डबा बोगीवर थोडा डुलतो. शेवटी १८.२ वर स्थिर झालो. पूर्वेच्या स्थानकाचा फलाट वळण संपल्यावर लगेच, ४० मिमीवर सुरू होतो. तिथे डब्याचे पुढचे टोक सरळ मार्गावर आले तरी मागची बोगी वळणातच असते, त्यामुळे टोक अजून बाहेर झुकलेले असते. फलाटाच्या त्या टोकाचे १०० मिमी आणखी ३ मिमी तिरके घासले. नव्याने बांधणाऱ्यांनी फलाट आणि वळण यांत निदान एका डब्याची लांबी सरळ ठेवावी.

फलाट उंच झाल्यावर जुन्या ट्रामचे दरवाजे फलाटाच्या खाली गेले. एकाच फलाटावर दोन्ही जातीच्या गाड्या चालवता येणार नाहीत हे त्या दिवशी पक्के झाले. मंडळात यावर बराच वेळ बोलणे झाले, कारण त्या ट्राम अनेकांच्या हातच्या आहेत. ठरले असे की दोन्ही ट्राम डेपोच्या दर्शनी मार्गावर दिव्यांसह उभ्या राहतील. आम्हाला हे मनापासून पटले. त्या गाड्यांनीच हे जाळे उभे करायला लावले.

६ ते १२ जुलै. डबे छापणे

खऱ्या गाड्या वडोद्याजवळच्या सावलीच्या कारखान्यातून रस्त्याने ट्रेलरवर आल्या. आमच्या २२० बाय २२० मिमीच्या थ्रीडी प्रिंटरवर निघाल्या. २५३ मिमीचा डबा तिरका ठेवला की पाट्यावर मावतो. साहित्य पीईटीजी जातीचे प्लास्टिक घेतले. पीएलए स्वस्त आणि सोपे, पण सभागृहाला पत्रा आहे आणि देखाव्याचे दिवे डब्यांच्या जवळ असतात. उन्हात बंद मोटारीत ठेवलेला पीएलएचा नमुना पूर्वी केळासारखा वाकला होता.

एका डब्याला साडेआठ तास आणि ५८ ग्रॅम साहित्य. सहा डबे हवे, तीन वाया गेले. दोनांचे कोपरे पाट्यावरून उचलले गेले. पाटा ७५ अंशांवर नेला, भोवती ८ मिमीची पातळ झालर छापली आणि खोलीचा पंखा बंद ठेवला, तेव्हा थांबले. तिसरा सातव्या तासाला गेला: वादळ आले, लाईट गेली. छोट्या यूपीएसवर प्रिंटर काही मिनिटेच तग धरतो, आणि पावसाळ्यात लाईट तेवढ्यात परतेलच असे नाही.

उपाय: डबा मधोमध कापून दोन भाग छापले, प्रत्येकी चार तास. जोड मधल्या दरवाजाच्या चौकटीत घेतला, आतून २ मिमीची पट्टी चिकटवली. रंग दिल्यावर जोड शोधावा लागतो. हेच पहिल्या दिवशी केले असते तर आठवडा वाचला असता.

१३ ते १८ जुलै. बोगी आणि मोटर

प्रत्येक गाडीत मधला डबा मोटरचा, टोकाचे दोन ओढले आणि ढकलले जाणारे. मोटर एन-२०, १२ व्होल्टची, पितळी गिअरची. रुळांच्या मध्ये आडवी बसत नाही, कारण चाकाची त्रिज्या सव्वापाच मिमी आणि मोटरची अर्धी जाडी ५ मिमी, म्हणजे ती रुळाला घासत जाईल. म्हणून ती उभी लावली: दांडा खाली, त्यावर छोटे दातचक्र, आणि आसावर मुकुटासारखे दात असलेले चक्र. मोटर बोगीच्या सांगाड्याला घट्ट, डब्याला नाही. बोगी वळते तशी मोटरही वळते.

इथे तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, वेग. जेल रोडवरून १०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १०० फेरे घेणाऱ्या, ४ मोटरी आणल्या, ८४० रुपये. चाकाचा घेर ३३ मिमी, म्हणजे सेकंदाला ५५ मिमी. प्रतिकृतीत हा ताशी १७ किलोमीटर होतो आणि ७.७ मीटरच्या फेरीला २ मिनिटे २० सेकंद लागतात. बघणारा माणूस तेवढा वेळ उभा राहत नाही. ३०० आरपीएमच्या मोटरी घेतल्या: ताशी सुमारे ५२ किलोमीटर, फेरी ४७ सेकंदांत. पहिले ८४० रुपये पाण्यात. खरेदीआधी गुणाकार करायला पाच मिनिटे लागतात.

दुसरी, दिशा. दोन्ही बोगी एकसारख्या बनवल्या आणि दोन्ही मोटरींना सारख्याच तारा दिल्या. वीज दिली तर डबा जागेवरच घुरघुरत उभा. बोगी डब्याखाली एकमेकींकडे तोंड करून बसतात, तेव्हा एक पुढे ओढत होती आणि दुसरी मागे. एका मोटरच्या तारा उलट केल्या.

तिसरी, आणि सर्वांत चकवणारी. सरळ मार्गावर गाडी उत्तम, वळणात शिरली की मोटरचा डबा रुळाबाहेर. चाके तपासली, चाकांमधले आतले अंतर वर्नियरने १४.४ ला आणले, वजन वाढवले, काही फरक नाही. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी डबा उलटा धरून बोगी बोटाने फिरवली तर ती मध्येच अडली. जमिनीतले मोटरचे भोक १४ मिमी होते. मोटर बोगीच्या मध्यावर नाही, आसावर आहे, म्हणजे १२.५ मिमी बाजूला. ४५० च्या वळणात बोगी ११ अंश फिरते, मोटर दोन्हीकडे जवळजवळ अडीच मिमी सरकते. १२ मिमीच्या मोटरला १७ मिमी तर हवेच. कानसीने भोक १९ मिमी केले. त्यानंतर त्या कारणाने एकदाही घसरण नाही.

मोटरींचा वेगही सारखा नसतो. १२ व्होल्टवर चारही मोजल्या तर २८८ पासून ३१६ पर्यंत निघाल्या. जवळच्या दोघी एका डब्यात घातल्या. या गिअरच्या मोटरी बाहेरून ढकलून फिरत नाहीत, त्यामुळे वेगात फार फरक असला तर हळू मोटरची चाके रुळावर घसटत जातात.

वजनाचा ठोकताळा एनएमआरए या प्रतिकृती रेल्वेच्या हौशींच्या अमेरिकी संघटनेचा: २८ ग्रॅम, वर दर इंचाला १४ ग्रॅम. आमचा डबा १० इंचांचा, म्हणून १७० ग्रॅम. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायची चिकटपट्टीची ५ आणि १० ग्रॅमची वजने मिळतात, ती बोगींच्या बरोबर वर, जमिनीलगत लावली. छताजवळ लावू नका, डबा डुलतो.

२० जुलै. डबे जोडणे

डब्यांत ६ मिमी जागा ठेवली होती. वळणात शेजारचे दोन डबे एकमेकांशी सुमारे ३३ अंशांचा कोन करतात आणि आतल्या बाजूचे कोपरे जवळजवळ १० मिमी जवळ येतात. कोपऱ्याला कोपरा अडला, मधला डबा उचलला गेला. जागा ११ मिमी केली आणि दोन्हीकडे काळ्या कागदाच्या घड्यांचा भाता लावला. गाडीची एकूण लांबी आता ७८१ मिमी.

२४ ते ३० जुलै. वीज

एकच गाडी चालवली तर पश्चिमेच्या टोकाला ती मंदावायची. गाडी धावत असताना मोजले: पुरवठ्यापाशी १२.१ व्होल्ट, दूरच्या टोकाला ९.३. जुन्या रुळांना वीज एकाच ठिकाणी दिलेली, बाकी सगळा भार जोडांवरच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर. पावसाळ्यात त्या काळवंडतात. ट्रामची छोटी मोटर भागवून घेत होती. टेबलाखालून १.५ चौरस मिमीच्या दोन तारा पूर्ण फेरीभर नेल्या आणि दर मीटरला रुळाला पातळ तार सोल्डर केली. दूरच्या टोकाला आता ११.८. तार महारानी रोडवरून, ६४० रुपये.

यानंतरची अडचण मात्र कुणीच ओळखली नव्हती. स्थानकात गाडी आपोआप थांबण्यासाठी एका रुळाचा ३०० मिमी तुकडा वेगळा काढलेला आहे. त्यात वीज नसते. ट्राम त्यात शिरली की थांबते, २० सेकंदांनी रिले (आपोआप चालणारा विजेचा खटका) वीज देतो. नवी गाडी पहिल्यांदा मुलांसमोर चालवली. ती फलाटावरून थेट निघून गेली. दुसऱ्या फेरीलाही तेच. मुले ओरडली, “काका, गाडी थांबतच नाही!”

कारण असे. मार्गावर कुठे धूळ असली तरी गाडी अडू नये म्हणून आम्ही बाराही आसांवरून वीज घेतली आणि तिन्ही डबे तारांनी जोडले. गाडी ७८१ मिमी, मृत तुकडा ३०० मिमी. पुढचे डबे मृत तुकड्यात असले तरी मागचा डबा चालू रुळावरून वीज पुरवत राहतो. गाडीला तो तुकडा कळतच नाही.

आधी मृत तुकडा ९५० मिमी केला. रूळ कापले, चार तास गेले. गाडी थांबू लागली, पण एकदम, दात आपटल्यासारखी, कारण या गिअरच्या मोटरी वीज गेली की जागच्या जागी थबकतात. मागचा डबा पुढच्यावर चढायचा. थांबण्याआधी वेग कमी करणारा तुकडा हवा, आणि तोही गाडीपेक्षा लांब हवा. तेवढा सरळ मार्ग आमच्याकडे नाही.

मग गाडीतलेच बदलले. मोटरींना वीज फक्त मधल्या डब्याच्या चार आसांवरून, टोकाच्या डब्यांची वीज फक्त त्यांच्या दिव्यांना. डब्यांमधल्या मोटरच्या तारा तोडल्या. आता रुळाशी संबंध फक्त १९५ मिमी लांबीत येतो. ३०० चा जुना मृत तुकडा पुन्हा पुरेसा झाला, फक्त तो फलाटाच्या मध्याशी आणला. त्याच्या आधी ४५० मिमीचा मंद तुकडा केला, त्यात वन-एन-४००७ जातीचे ६ डायोड एकामागे एक. प्रत्येकावर ०.७ व्होल्ट पडतो, म्हणजे चारेक व्होल्ट कमी. गाडी हळू होते, मग थांबते. तोडलेला ९५० चा रूळ पुन्हा सांधला. वेळ गेला, पैसे गेले नाहीत.

एक राहिले होते. डेपोत न्यायला गाडी उलटी चालवली तर ती मंद तुकड्यात अडकली. डायोड एकाच दिशेने वीज जाऊ देतात. उलट्या दिशेचा एक डायोड समांतर जोडला.

३ ऑगस्ट. चाचणी, रिकामी

दोन्ही गाड्या, दोन्ही फेऱ्या, तीन तास. डोळे रुळाच्या पातळीवर आणून, मोबाईलच्या उजेडात प्रत्येक फलाट पाहिला. पश्चिमेच्या फलाटाच्या कडेवर पांढऱ्या रंगाची नखाएवढी रेघ होती आणि खाली रुळावर भुरभुर पीठ. डब्याच्या दरवाजाखालचा रंग घासला गेला होता. दमटपणाने एमडीएफ जवळजवळ अर्धा मिमी फुगला होता. कड घासली आणि उघड्या कडेला पातळ वॉर्निशचे दोन हात दिले. हे जूनमध्येच द्यायला हवे होते. माळव्यात पावसाळ्यात उघडा एमडीएफ ठेवू नये.

१० ऑगस्ट. चाचणी, भार घालून

खऱ्या गाड्यांच्या चाचणीत प्रवाशांच्या जागी वाळूची पोती ठेवतात. आम्ही प्रत्येक डब्यात ४० ग्रॅम जादा वजन ठेवून एक तास चालवले. फक्त वेग थोडा कमी झाला. मग उलटे केले, मागच्या डब्याचे सगळे वजन काढले. डेपोच्या सांध्यावरच्या इंग्रजी एस सारख्या वळणात तो तिसऱ्याच फेरीला पडला. म्हणजे अडचण जड डब्याची नाही, हलक्याची आहे. १७० ग्रॅमच्या खाली जायचे नाही.

१५ ते १७ ऑगस्ट. रोज आठ तास

पहिल्या दिवशी चौथ्या तासाला गाड्या अडखळू लागल्या. रूळ काळे पडले होते. जुन्या सवयीने कुणीतरी पॉलिश पेपर फिरवला आणि दुसऱ्या दिवशी रूळ दुप्पट वेगाने घाण झाले, कारण ओरखड्यांत मळ बसतो. सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, आणि चाकेही पुसा. चाके पुसली नाहीत तर स्वच्छ रूळ एका तासात पुन्हा काळे.

दुसऱ्या गाडीची एक मोटर एकूण ३१ तास चालल्यावर बंद पडली. बदलायला ५० मिनिटे लागली, कारण ती सोल्डर केलेली होती. आता सगळ्या मोटरींना दोन पिनांचा छोटा कनेक्टर आहे, बदल ६ मिनिटांत होतो. १०० आरपीएमच्या वाया गेलेल्या मोटरींतला फक्त गिअर वेगळा असतो, मागची मोटर तीच बसते. त्यातून दोन जादा तयार करून ठेवल्या.

२४ ऑगस्ट. हिशेब

रूळ ३,१२०. चाकांच्या २६ जोड्या २,४७०. मोटरी दोन्ही वेळच्या १,६८०. छपाईचे साहित्य ९५०. रंग ८५०. रिले ७२०. एमडीएफ आणि प्लाय ७००. तारा ६४०. वेगनियंत्रक ५२०. दातचक्रे ४८०. पुरवठा ४५०. वजने ३००. एकूण १२,८८० रुपये, अंदाजापेक्षा ३,८८० जास्त. त्यातले ८४० निव्वळ चुकीचे, बाकी रुळाचा खर्च धरलाच नव्हता म्हणून. पुन्हा केले तर खर्चाचा पहिला आकडा गाडीचा नाही, रुळाचा लिहू.

७ सप्टेंबर. विसर्जनानंतर

११ संध्याकाळी, रोज सुमारे चार तास. घसरणी तीन: दोन डेपोच्या सांध्यावर, एक फलाटावरचे फूल रुळावर पडल्यामुळे. मोटर एक बदलली. फलाटाला घासण्याची तक्रार नाही. रोज आरतीआधी रूळ आणि चाके पुसायला २० मिनिटे लागली, ती टाळून चालत नाही.

गाड्या आवरून ठेवताना डबे बाजूवर न ठेवता चाकांवरच ठेवले, नाहीतर भात्याच्या घड्या चपट्या होतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुढच्या वर्षी तिसरी गाडी आणायची तर आधी डेपोचा मार्ग ६२० वरून ८५० मिमी करावा लागेल. त्याची पेन्सिलीची रेघ आजच प्लायवर मारून ठेवली आहे.